गरिबी शिकवा, पण जपून

यंदा गरिबी आणि बेघरपणाचा प्रकल्प तुमच्या वर्गाच्या वाट्याला आलाय म्हणे. अभिनंदन. पण गुरुजी, बाई, जरा सांभाळून. ज्वालामुखीची प्रतिकृती केली तर फार फार तर सोडा टेबलावर सांडतो, फडकं मारलं की झालं. गरिबीच्या प्रकल्पात मुलं प्रश्न विचारायला लागतात आणि ते पुसायला फडकं नसतं.

म्हणून सुरुवात दिनविशेषापासून करा. १७ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय दारिद्र्य निर्मूलन दिन, संयुक्त राष्ट्रांनी १९९२ साली जाहीर केलेला. दिन असला की बरं पडतं, १८ तारखेला फळा कोरा करता येतो. फक्त त्या दिनाच्या मुळाशी जाऊ नका. १९८७ साली याच तारखेला पॅरिसच्या त्रोकादेरो चौकात लोक जमले होते आणि तिथे एक शिळा बसवली गेली. जिथे माणसांना घोर दारिद्र्यात जगायला भाग पाडलं जातं तिथे मानवी हक्कांचा भंग होतो, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर आहे. ‘भाग पाडलं जातं’ असं फळ्यावर लिहिलंत, की पहिल्या बाकावरची मुलगी हात वर करणार : “कोणी?” तास संपायला तेव्हा अजून पंचवीस मिनिटं असतील.

त्यापेक्षा रेषा शिकवा. रेषा पट्टीने काढता येते. जागतिक बँकेने २०२५च्या जूनमध्ये अति-गरिबीची रेषा दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली आणि जगातल्या अति-गरिबांचा आकडा १२ कोटींहून जास्त वाढला. कुणाच्या खिशातला छदामही हलला नव्हता. आदल्या रात्री ही माणसं कोण होती, असं कुणी विचारलं तर तो गणिताचा विषय आहे म्हणून सांगा. गणिताचे सर सांगतील, तो समाजशास्त्राचा आहे.

पुढचा टप्पा संस्कारांचा. इथे आपल्या म्हणी हाताशी आहेतच. ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ ही तर या विषयासाठीच जन्माला आली. आळशी माणसाचं यापेक्षा चांगलं चित्र नाही. एखादा खोडसाळ म्हणेल, ज्याला खाटलंच नाही त्याला हरीनं द्यायचं कुठे? त्याला बाकावर उभं करा आणि ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ घ्या. म्हणजे तो विचारेल, ज्याचं अंथरूण काल रात्री कुणीतरी उचलून नेलं त्यानं पाय किती पसरावे? ‘घरोघरी मातीच्या चुली’ मात्र अजिबात घेऊ नका. (हा मजकूर लिहिताना माझ्याही लक्षात आलं, की आपलं बरंचसं शहाणपण घरात सामानसुमान आहे असं धरून चालतं. पण आपण शिकवायला बसलोय, शिकायला नाही.)

‘गरिबीची कारणे लिहा’ याचं नमुना उत्तर आधीच उतरवून द्या : आळस, व्यसन, अज्ञान. तिन्ही कारणं गरिबाच्या अंगातच असल्यामुळे पाठ करायला सोपी जातात. भाडं, आजारपण, सुटलेली नोकरी, घरातली मारहाण, अनाथालयातून वय झालं म्हणून बाहेर पडलेली पोरं, हे सगळं लिहायला ओळी पुरत नाहीत. पाच गुणांत बसेल इतकीच गरिबी शिकवायची असते.

‘पैसे दिले तर दारूत घालवतात’ हे वाक्य भिंतीवर चिकटवायला उत्तम. पण हल्ली पोरं शोधून आणतात. कॅनडात व्हँकूव्हरच्या संशोधकांनी बेघर झालेल्या ५० जणांना प्रत्येकी साडेसात हजार कॅनेडियन डॉलर रोख दिले, एकरकमी, कुठलीही अट न घालता. वर्षभरात दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही, उलट ही माणसं पैसे न मिळालेल्यांपेक्षा कमी दिवस बेघर राहिली. हे २०२३ साली छापूनही आलंय. घाबरू नका, तोड आहे. गंभीर व्यसन असलेल्यांना त्या प्रयोगात घेतलंच नव्हतं. हे ठणकावून सांगा आणि लगेच घंटा वाजवा. नाहीतर कुणीतरी म्हणेल, “म्हणजे सर, व्यसन नसलेलेही बेघर असतात?”

बेघरपणावर उपाय काय, असं चुकूनही विचारू नका. मागच्या बाकावरून आवाज येईल, “घर.” वर्ग हसेल. हसू द्या. फिनलंडचं सरकार मात्र तेव्हा हसलं नाही. २००८पासून त्यांनी आधी भाड्याचं पक्कं घर आणि मग बाकीचे प्रश्न असा क्रम लावला आणि दीर्घकाळ बेघर राहणाऱ्यांची संख्या उतरत गेली. आपण ‘आधी सुधारा, मग पाहू’ हाच क्रम ठेवावा. वर्गातही तोच चालतो.

आता मुख्य आकर्षण : एक रात्र उघड्यावर. मुलांना शाळेच्या मैदानात झोपवा. प्रत्येकाला झोपायची पिशवी, फाटकावर पहारेकरी, आत स्वच्छतागृह उघडं, बाहेर पालकांच्या गाड्या उभ्या. रात्री अकरापर्यंत गाणी. सकाळी मुलं सांगतील, थंडी वाजली, डास चावले, आता आम्हाला कळलं. कळू द्या. तिथे झोपलेल्या प्रत्येकाला सकाळ किती वाजता होणार आणि कोण न्यायला येणार हे ठाऊक होतं, ही गोष्ट अहवालात घेऊ नका. दुसऱ्या रात्रीची तर सोयच करू नका. पहिल्या रात्रीने मुलं कृतज्ञ होतात, दुसऱ्या रात्रीने काय होतील सांगता येत नाही.

शिवाय त्या रात्री मैदानात कुणी जागं राहिलं, तर वेगळीच भानगड. रस्त्यावरची कितीतरी माणसं रात्री झोपतच नाहीत. मार, चोरी, बाईमाणसाला तर त्याहून वाईट, म्हणून रात्रभर चालत राहायचं आणि उजाडल्यावर, वर्दळीत, कुठेतरी पाठ टेकायची. आपण कामाला निघतो तेव्हा ती आपल्याला झोपलेली दिसतात आणि आपण म्हणतो, बघा, भर दिवसा लोळतायत. हे निरीक्षण अगदी अचूक असतं. फक्त अर्धं असतं. तसंच ठेवा.

जुने कपडे गोळा करणं आणि फोटो काढणं तुम्हाला शिकवायला नको.

राहता राहिली मोजणी. अमेरिकेत जानेवारीअखेरच्या एका रात्री निवाऱ्यांत आणि रस्त्यावर असलेली माणसं मोजतात. २०२४ साली ती ७ लाख ७१ हजारांवर भरली. त्याच देशाचं शिक्षण खातं मात्र घर सुटल्यामुळे नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहणाऱ्या मुलांनाही बेघर धरतं. तसं मोजलं, तर वर्षभरात नुसती शाळकरी मुलंच १० लाखांहून जास्त निघतात. पहिल्या व्याख्येत बेघर माणूस पुलाखाली असतो, दुसरीत तो तुमच्या हजेरीपटावर. व्याख्या तुम्ही पहिलीच घ्या. पुलाखाली सहल नेता येते. हजेरीपट उघडला तर आठवायला लागतं, की कोण गृहपाठ कधीच आणत नाही, कोण सुटी झाल्यावर उगाच रेंगाळतं, कुणाच्या पालकांचा नंबर तीनदा बदलला. आळस, दुसरं काय.

शेवटी प्रकल्पवह्या तपासाल. पहिल्या पानावर नाव, इयत्ता, तुकडी, पत्ता. एका वहीत बाकी सगळं शाईने असेल आणि पत्ता तेवढा पेन्सिलीने, दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेला. कागद तिथे पातळ झालेला असेल. नीटनेटकेपणाला दोन गुण आहेत. त्यातला एक कापा.