लेकीचं लग्न ‘उरकलं’ म्हणू नका

परवा नाशिकच्या रविवार कारंजावर जुन्या ओळखीच्या एक ताई भेटल्या. “उरकलं म्हणे लेकीचं लग्न? मळ्यातच?” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण तो ‘उरकलं’ घरी येईपर्यंत माझ्या कानात राहिला. भांडी उरकतात. मी शाळेत शिकवते, आमची पेपर तपासणी उरकते. माझ्या मुलीचं लग्न आम्ही सत्तर माणसांत, निफाड तालुक्यातल्या आमच्या खळ्यात, मार्गशीर्षाच्या थंडीत लावलं. ते कसं लागलं, हे लिहावंसं वाटलं.

साखरपुडा झाला २०२३ च्या दसऱ्याला. द्राक्षवाल्याच्या घरात लग्न माल निघाल्यावरच धरतात, तसं आम्हीही एप्रिल धरला. गंगापूर रोडला लॉन बुक केलं, पंधराशे माणसांचा अंदाज काढला. येवल्याला जाऊन विणकराच्या मागावरची पैठणी घेतली, जांभळी, पदरावर मोर. आणि २६ नोव्हेंबरला, रविवारी, गारा आल्या. ज्यांनी बाग केली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. सकाळी हे बागेतून आले ते हातात एक घड घेऊन. अर्धे मणी फुटलेले, देठाला काळा मार. तो घड त्यांनी ओट्यावर ठेवला आणि काही न बोलता अंघोळीला गेले. मनूने तो उचलला आणि मला म्हणाली, “आई, एप्रिलचं राहू दे.”

पुढे मे-जूनमध्ये गुरू-शुक्राचा अस्त, मुहूर्तच नव्हते. मग चातुर्मास. दिवाळीनंतरची तारीख धरली, तर आषाढात सासूबाई मोरीत पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. लॉनवाल्याने एकदा तारीख बदलून दिली होती, दुसऱ्यांदा नाही म्हणाला. आगाऊ दिलेले पैसे गेले ते गेले. त्याबद्दल आता बोलत नाही.

त्या वर्षभरात मी एक काम नेमाने केलं. दर दोन महिन्यांनी पैठणी ट्रंकेतून काढायची, मलमलीतून सोडवायची आणि घडी बदलून पुन्हा ठेवायची. एकाच घडीवर राहिली तर जर चिरते. घडी बदलायची, पण मोडायची नाही. दार लावून करायचे, मनूला दिसू नये म्हणून. एकदा तिने पाहिलंच. आत आली, दुसरं टोक धरलं, आम्ही दोघींनी मिळून घडी घातली. बोललो काहीच नाही.

मळ्यात लग्न लावायचं हे आमच्या डोक्यातून आलेलं नाही. ते विहीणबाईंनी सुचवलं. दिवाळीच्या फराळाला सिन्नरहून दोघं आले होते. ओटीवर बसून त्या म्हणाल्या, “ताई, तुम्ही बागेसाठी काढलेलं सोसायटीचं कर्ज फेडताय, आम्हाला माहीत आहे. त्यात लग्नाचं आणखी काढलंत तर ते माझ्या सुनेच्याच जिवाला लागेल. तुमच्या खळ्यात लावू. आजींनाही उठून कुठे जायला नको.” मुलाकडच्यांनी आपणहून हे बोलायला किती मोठं मन लागतं, ते मुलीच्या आईलाच कळतं.

हळदीच्या दिवशी निफाडची थंडी अशी होती की न्हाणाचं पाणी चुलीवर उकळून आणलं तरी मनूच्या अंगावर पडेपर्यंत कोमट व्हायचं. ती कुडकुडत होती आणि हसत होती. जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेजारच्या मळ्यातले सोलाणे, म्हणजे ओला हरभरा. लग्नात मठ्ठ्याऐवजी गरम कढी ठेवली. मसालेभात आणि कढईतून निघाली तशी पानात पडणारी जिलेबी. पंगत बसवली, भावकीतल्या पोरांनी वाढलं. आग्रह करायला वेळ होता.

मंगलाष्टकांना उन्हं नुकती मांडवात उतरली होती. अंतरपाट सासूबाईंच्या जुन्या पांढऱ्या लुगड्याचा केला. त्या स्वतः खुर्चीवर, गोधडी पांघरून, मुलीपासून चार हातांवर बसलेल्या. लॉनवर त्या गेल्याच नसत्या. नेल्या असत्या तरी मागच्या रांगेत कुठेतरी. अंतरपाट खाली आला तेव्हा त्यांच्या हातातल्या अक्षता मनूच्या कपाळावर पडल्या.

सप्तपदीच्या आधी मुलाने गुरुजींना विनंती केली की प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीतून सांगा. त्यांनी सांगितला, सावकाश. सत्तर माणसं गप्प बसून ऐकत होती. मी आजवर शेकडो लग्नांना गेले, सप्तपदी एकदाही नीट ऐकली नव्हती. तेव्हा आपण बुफेच्या रांगेत असतो. आणि मुलीचा बाप आचाऱ्याकडे नाहीतर दाराशी हात जोडून उभा. आमचे हे सगळा वेळ मांडवात माझ्या शेजारी पाटावर बसून होते.

वर्गात मी मुलांना शिकवते की सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ ला स्थापन झाला आणि पहिला सत्यशोधक विवाह त्याच वर्षी २५ डिसेंबरला लागला. तोही डिसेंबरच. भटजी नाही, डामडौल नाही, खर्च अगदी थोडा. आमचं लग्न तसं नव्हतं, गुरुजी होते, विधी होते. पण लग्नापायी कर्ज काढू नये, हे आपल्या मातीत दीडशे वर्षांपूर्वी लोकांनी करून दाखवलं आहे. तरी आपण अजून किती पानं उठली यावर लग्न मोजतो. मला याचा राग येतो. गारपिटीत बाग गेलेल्या माणसाला ‘निदान हजार तरी बोलवा’ म्हणणाऱ्यांचा तर फार येतो.

वाईट काय वाटलं, तेही लिहिते. शाळेत बावीस वर्षं सोबत असलेल्या मैत्रिणींपैकी मला दोघींनाच बोलावता आलं. एक चुलत दीर अजून बोलत नाहीत. आपलं माणूस वगळलं, ही त्यांची सल खरी आहे, तिला मी खोटं म्हणणार नाही. सोळा दिवस झाले की बुंदीचे लाडू घेऊन जोडीला त्यांच्या दारी नेणार आहे. दार उघडतील, मला खात्री आहे.

पाठवणीच्या वेळी मनूने पैठणीच नेसली होती. गाडीत बसताना पदर दारात अडकू नये म्हणून विहीणबाईंनी तो उचलून तिच्या मांडीवर ठेवला, मी ट्रंकेत ठेवायचे तसा, दोन्ही हातांनी. गाडी गेल्यावर सगळे शेकोटीशी बसलो. पारा उतरत होता, घडांना थंडी बाधू नये म्हणून हे बॅटरी घेऊन बागेला पाणी सोडायला गेले. तासाने आले, हात शेकले आणि म्हणाले, “घड बरे लागलेत यंदा.” सासूबाईंनी गोधडीतून विचारलं, “मनूला कळवलं का?”