आधी इंदूर, मग मुंबई

चित्रपट कंपन्या आपल्या सिनेमांवर संगीतिका, म्हणजे गाण्या-नाचाची नाटकं, काढू लागल्यापासून इंदूरच्या मराठी मंडळींत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, मुंबईतला भव्य प्रयोग इथे यावा म्हणून मोठं नाट्यगृह बांधा. दुसऱ्याचं म्हणणं, सिनेमावाल्यांनी नाटकाला हात लावू नये. लंडनमधून पाहताना वाटतं, खरा प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही: संगीतिका घडते कुठे?

न्यूयॉर्कला जाण्याआधी डिस्नेचं ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ १९९३ साली ह्यूस्टनला झालं, ‘द लायन किंग’ १९९७ला मिनिआपोलिसला, ‘फ्रोझन’ २०१७ला डेन्व्हरला. यशराजनेही ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ची इंग्रजी संगीतिका २०२२मध्ये आधी सॅन डिएगोला केली, मँचेस्टरला ती २०२५मध्ये आली.

कारण साधं आहे. सिनेमा संकलनात दुरुस्त होतो, नाटक प्रेक्षकांसमोर. रात्री प्रयोग, दुसऱ्या दुपारी दुरुस्तीची तालीम, संध्याकाळी बदललेला प्रयोग, असं दिवसेंदिवस चालतं. आणि एक गाणं गाळणं म्हणजे नुसती कात्री नव्हे. त्या गाण्याच्या आड मागे नेपथ्य बदलत असतं, नायिका साडी बदलत असते. गाणं गेलं की दोन्हींचा वेळ गेला. मग वादकांच्या वह्या, प्रकाशयोजनेचे इशारे, बदली नटांची टिपणं, सगळं नव्यानं करावं लागतं. हे मुंबईत, समीक्षकांच्या देखत, महागड्या भाड्यात करणं परवडत नाही.

सिनेमावाले आणखी दोन ठिकाणी अडखळतात. चित्रपट आपला म्हणजे रंगमंचाचे हक्कही आपलेच, असं धरून चालतात. मूळ करार आधी वकिलाकडून वाचून घ्यावेत. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटाही सहज टाळता येत नाही. दुसरी अडचण गळ्याची. सिनेमातलं गाणं तुकड्यातुकड्यांनी ध्वनिमुद्रित होतं. इथे आठवड्याला आठ प्रयोग, नाचून लागलीच तान. पट्टी उतरवावी लागते. समूहातल्या अनेकांच्या जागा पाठ असलेले ‘स्विंग’ नट ठेवावे लागतात. त्यांच्या पगारात काटकसर केली, की दोघांना ताप आला तरी प्रयोग रद्द. केसांच्या कडेला दडवलेला माइक घामानं बंद पडतो, तो वेगळाच ताप.

हे झेपतं, हे शापूरजी पालनजी उद्योगसमूह आणि मुंबईतली कलासंस्था एनसीपीए यांनी २०१६ साली दाखवलं. फिरोज अब्बास खान दिग्दर्शित ‘मुगल-ए-आझम’मध्ये कलाकार प्रत्यक्ष गातात. म्हणून दुसऱ्या तटाची भीती मला पटत नाही. ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलवणारा प्रयोग मात्र खुशाल नाकारावा.

इंदूरकडे मुंबईलाही हेवा वाटावा अशी गोष्ट आहे: ‘सानंद’ या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेचे सभासद, जे गटागटानं एकाच नाटकाचे लागोपाठ पाच प्रयोग भरतात. पहिल्या गटापुढे जे फसलं ते चौथ्या गटापर्यंत सुधारता येतं, तेही संगीत नाटकाचा कान असलेल्या प्रेक्षकांपुढे. तेव्हा नाट्यगृह मागताना खुर्च्या कमी मागा. देखावे सरळ वर खेचायला दर्शनी चौकटीच्या साधारण अडीचपट उंची, रुंद विंगा, वादकांना जागा आणि ट्रकमधून सामान थेट रंगमंचावर ढकलता येईल असा मागचा दरवाजा मागा. आणि कंपन्यांना तयार प्रयोगाचा दौरा नको, पहिले दोन आठवडे मागा.