मुलांना नाटक दाखवायचंय? मग हे वाचाच

शाळेतल्या मुलांना नाटक दाखवायचं तुमच्या मनात आलं, त्याबद्दल आधी तुमचं अभिनंदन. ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन आणि १४ नोव्हेंबरचा बालदिन यांच्या अध्येमध्ये कार्यक्रम उरकून घ्या, म्हणजे एकाच फोटोत दोन्ही दिवस साजरे होतील.

नाटक कोणतं, ते बघत बसू नका. सवलतीत मिळतंय ना? मग झालं.

आधी वर्गात त्याविषयी बोलायची तर गरजच नाही. तिसऱ्या घंटेनंतर एकदम अंधार का होतो, स्टेजवरच्या माणसाला आपण दिसतो का, चेटकीण खाली उतरून आपल्यात येईल का, असले प्रश्न पोरांना पडत असतात. त्यातला एकही घटक चाचणीला येत नाही.

प्रयोग साडेनऊचा असेल तर बस शाळेतून साडेनऊलाच सोडावी. वाटेत द्वारका चौकातली वाहतूक कोंडी लागते. नाशिककरांना यापुढे काही सांगायला नको.

मुलांना हजेरी क्रमांकानुसारच बसवा. पुढच्या दोन रांगा न येणाऱ्या पाहुण्यांसाठी राखून ठेवा. तिसरीच्या पिटुकल्यांना नववीच्या उंच मुलांच्या मागे जागा द्या, म्हणजे त्यांना श्रवणभक्तीची सवय लागेल.

सत्कार नाटकाच्या आधी करावा की मध्यंतरात, याबद्दल मतभेद आहेत. दोन्ही वेळा केलेला बरा.

मुलं हसली रे हसली की ‘शूऽऽ’ करा. चेटकीण राजपुत्राच्या मागे येऊन उभी राहते आणि सगळी पोरं ओरडतात, ‘मागे बघ, मागे बघ!’ तो नट त्याच आरोळीसाठी थांबलेला असतो; ती आली की मुद्दाम भलतीकडे बघतो आणि पोरं आणखी ओरडतात. बालनाट्य चालतं ते असं. १९५९ साली सुधा करमरकरांनी मुंबईत ‘लिटल थिएटर’ सुरू केलं, रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं, पण प्रेक्षकांतल्या शिस्तीची बाजू तेव्हा राहूनच गेली होती. ती आता आपले वर्गशिक्षक भरून काढतायत. ओरडणाऱ्याला उठवून भिंतीशी उभं करा. राजपुत्राचं तो बघून घेईल.

शिक्षकांनी स्वतः मागच्या रांगेत बसून ग्रुपवर फोटो टाकत राहावं. अंधारात मुलांना तेवढाच उजेड.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. शेवट दाखवू नका.

परवा आमच्या शाळेने ही सूचना कशी अमलात आणली ते पालक प्रतिनिधी या नात्याने मी डोळ्यांनी बघितलं. दुसरा अंक भरात आला होता. राजपुत्राचा दगड झालेला, त्याच्या धाकट्या बहिणीच्या हाताला कोठडीची किल्ली लागलेली, स्टेजवर निळा प्रकाश. इतका वेळ चुळबुळणारी पोरं एकदम गप्प, कुणी न सांगता गप्प. आणि मागून पीटीच्या सरांची शिट्टी. ‘चला, पाचवी ब, रांगेत! बस लागलीय!’ बसवाल्याला म्हणे बाराला दुसऱ्या शाळेची फेरी होती. पोरं उठेनात तर दंडाला धरून उठवली. दारं उघडली तसं बाहेरचं ऊन थेट स्टेजपर्यंत गेलं आणि प्रकाशयोजना करणाऱ्याने जमवलेला तो निळा काळोख जागच्या जागी मेला. किल्ली हातात धरून ती मुलगी उभी. एक वाक्य तिने दोनदा म्हणून बघितलं. कुणाला उद्देशून म्हणायचं? समोर नुसत्या पाठी. एक पोरगा तेवढा पाठमोरा चालत दारापर्यंत गेला, त्याला वळायचंच नव्हतं, तर मॅडमनी त्याचं डोकं धरून वळवलं. पडद्याला दहा मिनिटं उरली होती हो, दहा! तेवढा वेळ तर आधी सत्कारातला हार शोधण्यात गेला होता.

दुसऱ्या दिवशी मराठीच्या वहीत गृहपाठ: ‘नाटकाचे तात्पर्य दहा ओळींत लिहा.’

मुलीने विचारलं, ‘बाबा, त्या दगडाचं काय झालं?’ मला काय माहीत? मी तेव्हा बसच्या दारात उभा राहून डोकी मोजत होतो. शेवटी तिने लिहिलं, ‘या नाटकातून आपल्याला वेळेचे महत्त्व कळते.’ बरोबरची खूण मिळाली.

याच गावात शिरवाडकर नाटकं लिहीत होते. कानेटकर इथेच कॉलेजात शिकवत होते आणि नाटकं लिहीत होते. दर २७ फेब्रुवारीला तुम्ही कुसुमाग्रजांच्या फोटोला हार घालता, मुलांकडून कविता म्हणवून घेता आणि त्याच मुलांना चालू अंकातून शिट्टी मारून उठवता? लाज वाटत नाही?

प्रयोग किती वाजता संपतो, एवढा एक प्रश्न तिकिटं ठरवताना विचारायचा होता. त्याला शिक्षण खात्याचं परिपत्रक लागत नाही, एक फोन लागतो. उशीर झालाच होता तर सत्कार गाळायचा. तेही जमत नव्हतं तर शाळेत फोन करून सांगायचं की पोरं अर्धा तास उशिरा येतील. दुपारच्या दोन तासिका बुडाल्या असत्या तर कुणाचं काय बिघडलं असतं? स्नेहसंमेलनाच्या तालमींसाठी महिनाभर बुडवताच की. सिनेमा अर्धा राहिला तर रात्री घरी मोबाइलवर लावून देता येतो. त्या सकाळी त्या नटांनी आमच्या पोरांसमोर जे केलं, ते मी कुठून लावून देऊ? आणि त्या नटांचं काय? पहाटे उठून टेम्पोतून नेपथ्य आणायचं, मेकअप करायचा आणि अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांना शेवट दाखवून परत जायचं. त्यांच्याशी कुणी बोललं? विंगेत जाऊन कुणी ‘माफ करा’ म्हटलं? कुणी नाही. सगळे बसमध्ये.

पुढच्या वर्षी संमतीपत्र घरी पाठवाल तेव्हा त्यावर प्रयोग संपण्याची वेळ आणि बस सुटण्याची वेळ, दोन्ही लिहा. बसची वेळ आधीची असेल तर आमच्या घरून सही येणार नाही, आणि उपक्रमाचे पैसेही येणार नाहीत.