चार लाख एकवीस हजार

हा आकडा आज पहिल्यांदा उघडपणे लिहितेय. ४,२१,००० रुपये. २०२३ च्या जानेवारीत आमच्या घरावर एवढं कर्ज होतं आणि घरातल्या एकालाही तो पूर्ण आकडा माहीत नव्हता. मला माझं माहीत, ह्यांना त्यांचं. मामांकडून उसने आणलेले ४०,००० मी ह्यांना सांगितले नव्हते. त्यांनी तीन टक्क्यानं उचललेले ६०,००० मला सांगितले नव्हते. एकमेकांना त्रास नको म्हणून दोघंही गप्प होतो.

त्या वर्षी गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, पोरांना घेऊन होम मैदानावर गेलो होतो. धाकटीला आकाशपाळण्यात बसायचं होतं. रांगेत उभी असताना फोन आला, रात्रीचे साडेआठ झाले असतील. वसुलीवाला होता. आवाज एवढा चढवलेला की शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. मी पोरीचा हात सोडून बाजूला गेले, "उद्या भरते, उद्या भरते" म्हणत राहिले. परत आले तर तिचा नंबर निघून गेला होता. ती काहीच बोलली नाही. हट्ट करणारी पोर गप्प बसली, ते मला अजून टोचतं.

त्या रात्री पोरं झोपल्यावर थोरलीच्या गणिताच्या वहीचं मागचं पान फाडलं आणि ह्यांना म्हटलं, तुमचं सगळं सांगा, मी माझं सांगते. सासऱ्यांच्या आजारपणात काढलेल्या पर्सनल लोनचे उरलेले १,६२,०००. क्रेडिट कार्डाचे ५०,०००. पतसंस्थेत पाटल्या तारण ठेवून घेतलेले ९०,०००. तीन टक्क्याचे ६०,०००. मामांचे ४०,०००. मोबाइलच्या हप्त्यांचे १२,०००. किराणा दुकानाची उधारी ७,०००. बेरीज मी दोनदा केली. हे भिंतीला टेकून बसले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मला वाटलं होतं तीनच्या आत असेल."

आता ते तीन टक्के. आपल्याकडे "दोन टक्क्यानं घेतले", "तीन टक्क्यानं घेतले" असं सर्रास बोलतात. ऐकायला किती हलकं वाटतं! बँक बारा-चौदा टक्के सांगते आणि हा माणूस तीनच सांगतो. पण हे तीन टक्के महिन्याचे असतात. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६. आमच्या साठ हजारांवर महिन्याला १,८०० रुपये नुसतं व्याज जायचं, मुद्दलाला हातही लागायचा नाही. असं वर्षभर चाललं होतं. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. परवाना असलेल्या सावकारालासुद्धा बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी त्या अवस्थेत मी तक्रार केली असती का, सांगता येत नाही. आमचा माणूस गल्लीतलाच होता, रोज समोर दिसणारा. पण निदान घासाघीस तरी केली असती.

कार्डाचं गणित तर मला मैत्रिणीनं शिकवलं. दर महिन्याला मी "किमान रक्कम" भरायचे आणि वाटायचं, चला, हप्ता गेला. ५०,००० थकबाकी, किमान ५ टक्के म्हणजे २,५०० रुपये. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे १,७५०. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३१५. अडीच हजारातून हे गेलं की उरतात ४३५. अडीच हजार भरून कर्ज कमी होतं ४३५ रुपयांनी, आणि मधे एकदा कार्डावर गॅसची टाकी घेतली की तेही गेलं. एकदा कागदावर मांडा, दुसऱ्या कुणी सांगायची गरज पडणार नाही.

ही मैत्रीण भिवंडीला असते. शाळेत एका बाकावर बसायचो. लग्नानंतर ती तिकडे गेली, आमच्या भागातली किती तरी घरं मागाच्या कामासाठी भिवंडीला गेलीत. दुसरी पुण्यात हडपसरला. आणखी दोघी इथेच, एक अक्कलकोट रोडला, एक जुळे सोलापुरात. आमचा जुना व्हॉट्सॲप ग्रुप होता, सुप्रभात आणि वाढदिवसांचा. त्या बेरजेच्या चौथ्या दिवशी रात्री मी त्यात तो फाडलेला कागद फोटो काढून टाकला. खाली लिहिलं, "हे आमचं आहे. झोप लागत नाही." टाकल्यावर लगेच पुसून टाकावंसं वाटलं. पण तोवर दोन निळ्या खुणा दिसल्या होत्या.

पहिलं उत्तर हडपसरवालीचं आलं. तिनंही फोटोच टाकला. तिच्या वहीत ६ लाखांच्या वर होतं. तिचं घर, तिची सोसायटी, तिच्या मुलाची शाळा बघून मी कैक वेळा मनात तुलना केली होती! अर्ध्या तासात पाचपैकी चौघींचे आकडे समोर आले. पाचवी म्हणाली, माझ्यावर कर्ज नाही पण मी हिशेब बघायला बसते. ती एका ऑफिसात अकाउंटचं काम करते. देवानंच बसवली असं मी म्हणेन.

तेव्हापासून दर रविवारी रात्री नऊ वाजता आठवड्याच्या खर्चाच्या पानाचा फोटो टाकायचा असं ठरलं. तीन गोष्टी पहिल्याच आठवड्यात ठरवल्या आणि आजवर पाळल्या. ग्रुपमध्ये कुणी कुणाला पैसे उसने द्यायचे नाहीत, मागायचेही नाहीत. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. खातं नंबर, कार्ड, ओटीपी यातलं काही कधी टाकायचं नाही. पहिला नियम सगळ्यात महत्त्वाचा. पैसे मधे आले असते तर महिन्याभरात आम्ही एकमेकींचे फोन उचलणं बंद केलं असतं. भिशीत असं झालेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

वसुलीच्या फोनचंही ग्रुपमध्येच कळलं. रिझर्व्ह बँकेनं २०२२ च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट सांगितलंय की थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांसमोर अपमान करायचा नाही. पुढच्या वेळी रात्री फोन आला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "सातनंतर फोन करता येत नाही, तुमचं नाव सांगा, लेखी तक्रार करते." फोन कट झाला. मग मेलवर तक्रार केली, हप्त्याची तारीखही लिहून दिली. रात्रीचे फोन बंद झाले. हप्ता माझाच होता, तो मी भरणारच होते. पण होम मैदानावर त्या रात्री हे माहीत असतं तर पोरीचा हात सोडला नसता.

पाटल्यांचं सांगते, कारण ह्यावर मला सगळ्यात जास्त ऐकून घ्यावं लागलंय. तीन तोळ्यांच्या पाटल्या, आईनं लग्नात घातलेल्या. दोन वर्षं पतसंस्थेत होत्या, दर महिन्याला ९०० रुपये व्याज. विकायचा विषय निघाला की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. सासूबाईंनी एका वाक्यात सोडवलं. त्यांनी तीस वर्षं बिड्या वळल्या, दिवसाला हजार. मोजून दिलेल्या बिड्यांतून खराब म्हणून किती बाजूला काढल्या, त्या आठवड्याचे किती कापले, हे त्यांना आजही तोंडपाठ आहे. त्या म्हणाल्या, "सोनं तुझ्या हातात कुठं आहे? व्याज भरून दुसऱ्याच्या तिजोरीत कशाला ठेवलालीस?"

ओळखीच्या सराफानं आधी तारण सोडवायला पैसे दिले, मग पाटल्या घेतल्या. घट वजा जाता १,५२,००० आले. व्याजासकट ९२,००० पतसंस्थेचे फिटले आणि उरलेले ६०,००० त्याच संध्याकाळी गल्लीतल्या माणसाला नेऊन दिले. चिठ्ठी परत घेतली, ह्यांनी ती तिथेच फाडली. दोन्ही मिळून महिन्याचं २,७०० रुपये व्याज एका दिवसात थांबलं. ते २,७०० आणि कार्डाचे किमान २,५०० एकत्र करून महिन्याला ५,००० कार्डावर टाकले, कार्ड कात्रीनं कापलं. चौदा महिन्यांत कार्ड संपलं.

आज सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलंय. "घाई केलीस, ठेवलं असतं तर" असं लग्नाकार्यात हमखास कुणी तरी म्हणतं. त्यांना माझं खरंच सांगणं आहे की ३६ टक्क्यानं व्याज भरणाऱ्या घरानं सोन्याचा भाव बघत बसायचं नसतं. दोन हप्ते आणखी थकले असते तर त्या पाटल्या लिलावात गेल्या असत्या. मला पाटल्यांची आठवण येते. विकल्याचा पश्चात्ताप नाही.

बजेटबद्दल लोक सांगतात ते सगळं महिन्याचं असतं. एक तारखेला पगार, मग वाटणी. सोलापुरातल्या आमच्यासारख्या घरांत ते बसतच नाही. हे टॉवेलच्या कारखान्यात आहेत, पगार आठवड्याच्या आठवड्याला. माझा महिन्याचा. सासूबाईंची हजार रुपये पेन्शन वेगळी. आठवड्याला आलेला पैसा महिन्याच्या हप्त्यासाठी राखायचा म्हणजे हातातलं पाणी राखण्यासारखं आहे. म्हणून आम्ही हप्तेच आठवड्यावर आणले. लोनचा ६,२०० आणि कार्डाचे ५,००० म्हणजे ११,२००. ह्यांच्या प्रत्येक पगाराच्या दिवशी १,८०० त्यातले बाजूला, बाकीचे माझ्या पगारातून. ते १,८०० त्याच दिवशी हप्त्याच्या खात्यात. त्या खात्याला फोनवरचं पेमेंट जोडलेलंच नाही.

घरखर्चाचे पैसे रोख, स्टीलच्या डब्यांत. भाजी आणि दूध एक डबा, पोरांचं एक, औषध एक, आणि एक पाण्याचा. बाहेरगावच्या मैत्रिणीला पाण्याचा डबा कळला नाही. उजनी धरण भरलेलं असतं आणि आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. एखादी पाळी चुकली की जार आणायचे, उन्हाळ्यात तर टँकरमध्ये भागीदारी करायची. हा खर्च आधी धरलाच नव्हता, म्हणून दर एप्रिल-मेमध्ये कार्ड बाहेर निघायचं. पाण्याचा डबा ठेवला आणि तो उन्हाळा पहिल्यांदा उधारीशिवाय गेला.

डब्यात हात घातला की उरलेल्या नोटा दिसतात. फोनवर वीस-तीस रुपये जाताना काही दिसत नाही. पहिल्या आठवड्यात मी सगळं लिहिलं तर फोनवरून गेलेल्या किरकोळ पैशांची बेरीज ८४० निघाली. चहा, रिचार्ज, पोरांचा खाऊ, रिक्षा. एकही खर्च चुकीचा नव्हता. पण शेंगा चटणी आणि कडक भाकरीवर आठवडा काढणाऱ्या घरात ८४० रुपये कुठे गेले हे सांगता येत नव्हतं.

अक्कलकोट रोडच्या मैत्रिणीचं वेगळं होतं. तिच्यावर महिला गटांची चार कर्जं, चार कंपन्यांची, आठवड्याला चार हप्ते. एकीचा हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या बायका तिच्या दारात बसतात, कारण त्यांनाच भरावं लागतं. शेजारणी शेजारणींच्या दारात! वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला असं कर्ज देताना घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. हिचे हप्ते कितीतरी वर गेले होते, तरी चौथं कर्ज मिळालं. तिला उधळी म्हणणाऱ्या लोकांचा मला मनापासून राग येतो. तिनं पहिलं कर्ज नवऱ्याच्या मणक्याच्या ऑपरेशनला घेतलं, दुसरं पहिल्याचे हप्ते भरायला. तिनं पाचवं घेतलं नाही, कारण ज्या रात्री अर्ज भरणार होती त्या रात्री तिनं आधी ग्रुपवर लिहिलं. आम्ही चौघी दीड वाजेपर्यंत जाग्या होतो. दुसऱ्या दिवशी अकाउंटवाली तिच्याबरोबर एका कंपनीच्या शाखेत गेली, मुदत वाढवून हप्ता कमी करून घेतला. विचारल्यावर मिळालं. चारपैकी दोन कर्जं आता संपलीत.

आमचं लोन यंदा दिवाळीच्या आधी फिटलं. मामांना मी फोन करून सांगितलं होतं की कार्ड संपलं की दरमहा २,००० देईन. ते म्हणाले होते, "दे जमेल तसं." त्यांचे दोन हप्ते उरलेत. आकाशपाळण्याचे पैसे जानेवारीसाठी पोरांच्या डब्यात आत्तापासून टाकतेय, धाकटीनं डब्यावर तिच्या हातानं चिठ्ठी चिकटवलीय.

मागच्या महिन्यात जुळे सोलापुरच्या मैत्रिणीनं तिच्या जावेला ग्रुपमध्ये घेतलं. तिनं पहिल्या रविवारी वहीचा फोटो टाकला. पानावर सगळी नावं होती, समोरचे आकडे बोटानं झाकलेले. कुणी काही विचारलं नाही. काल दुसरा फोटो आला. त्यात दोन आकडे दिसत होते.