'द इनबिट्वीनर्स' बंद पाडली नव्हती

'द इनबिट्वीनर्स' या ब्रिटिश मालिकेबद्दल एक मेसेज फिरतोय: शाळकरी मुलांच्या तोंडी घाणेरडे संवाद घातले म्हणून ती पहिल्याच सीझननंतर बंद पाडली. हे खरं नाही.

ई-फोर वाहिनीवर ती मे २००८ मध्ये सुरू झाली आणि २०१० पर्यंत तीन सीझन, १८ भाग चालली. पुढे २०११ आणि २०१४ मध्ये मालिकेतल्या त्याच चार मुख्य नटांना घेऊन दोन चित्रपटही आले. एका सीझनमध्ये गुंडाळली गेली ती एमटीव्हीची २०१२ची अमेरिकन आवृत्ती. नाव तेच, त्यामुळे हा घोळ झालेला दिसतो.

राहिली शाळकरी मुलं. विल, सायमन, जे आणि नील ही पात्रं आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या वयाची. ती करणारे नट मात्र सगळे विशीतले. चौघांत धाकटा जेम्स बकली, त्याचा जन्म १९८७चा. म्हणजे कोणा अल्पवयीन मुलाकडून ते संवाद वदवून घेतले, हा आरोप सरळसरळ चुकीचा आहे, आणि तो त्या नटांवर अन्याय करणारा आहे.

भाषा शिवराळ आहे, हे मान्यच. घरच्यांसोबत बसून बघण्यासारखी ही मालिका नव्हे. पण खासगी शाळेतून सरकारी शाळेत आलेला विल पहिल्या दिवशी हातात ब्रीफकेस घेऊन वर्गात शिरतो, तेव्हा त्याची होणारी फजिती बघा. त्या वयाचा अवघडलेपणा इतका नेमका फार थोड्या मालिकांनी पकडलाय.