काकरापारचा कचरा आणि बडोद्याचं पाणी

‘काकरापारचा अणुकचरा पिंपांत भरून जमिनीत पुरतात, पिंपं गंजली की तो पाण्यात उतरतो आणि तेच पाणी बडोद्याच्या नळाला येतं. हा कचरा लाखो वर्षं तसाच राहतो. जगात कुणाकडेच त्यावर उपाय नाही. २०१६ ची गळती यामुळेच झाली, आणि आपल्या जड पाण्याच्या कारखान्यातही हाच कचरा साठवलाय.’ हा मजकूर सध्या बडोद्यातल्या मराठी घरांत या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. धास्ती समजण्यासारखी आहे, पण यातली बहुतेक विधानं चुकीची आहेत. जो प्रश्न खरोखर विचारायला हवा, तो मात्र त्यात नाहीच.

आधी पाण्याचं बघू. काकरापारचं अणुवीजकेंद्र तापी जिल्ह्यात, व्याराजवळ, तापी नदीच्या खोऱ्यात. बडोद्याला पाणी येतं ते महीकाठच्या फ्रेंच विहिरींतून, आजव्याच्या सयाजी सरोवरातून आणि नर्मदेच्या कालव्यातून. तापी यात कुठेच नाही. तिच्या आणि आपल्या मध्ये अख्खी नर्मदा आडवी आहे. पण सुरतेचे लोक तापीचंच पाणी पितात, म्हणून ‘आपल्याला काय त्याचं’ असं म्हणून हा विषय सोडता येत नाही.

पुरतात, हे खरं आहे. काय पुरतात, ते मजकुरात नाही. अणुवीजकेंद्रात हातमोजे, फडकी, बूट, गाळण्या असा पुष्कळ कचरा निघतो. तो दाबून किंवा जाळून त्याचं आकारमान कमी करतात, गरजेप्रमाणे सिमेंटमध्ये घट्ट करतात आणि केंद्राच्याच आवारात काँक्रीटच्या बंदिस्त चरांत ठेवतात. भोवती बोअर घेतलेल्या असतात, त्यांतलं पाणी नियमित तपासलं जातं. जगाचा हिशेब पाहिला तर एकूण अणुकचऱ्यात आकारमानाने सुमारे ९० टक्के असा सौम्य कचरा असतो आणि त्यात एकूण किरणोत्साराचा जेमतेम १ टक्का असतो. किंचित किरणोत्सारी सांडपाणी प्रक्रिया करून, सौम्य करून, अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरवलेल्या मर्यादेत बाहेर सोडतात. काहीच सोडत नाहीत, असं कुणी सांगितलं तर तेही मानू नका.

खरा जहाल कचरा वेगळाच, आणि तो या चरांत जात नाही. काकरापारसारख्या, जड पाणी (साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेलं पाणी) वापरणाऱ्या अणुभट्टीतून निघणारी वापरलेल्या इंधनाची जुडी जेमतेम अर्धा मीटर लांब असते. ती आधी काही वर्षं खोल पाण्याच्या तलावात निवते. तिच्यात ९८ टक्क्यांहून जास्त युरेनियमच असतं. थोडं प्लुटोनियम असतं, आणि अणू फुटून तयार झालेली द्रव्यं टक्क्याच्या आसपास. भारतात अशा जुड्या पुनर्प्रक्रियेसाठी तारापूर, तुर्भे, कल्पाक्कमला जातात. तिथे युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढतात. मागे राहतो तो जहाल द्रव.

या द्रवात काचेची द्रव्यं मिसळून भट्टीत सुमारे हजार अंश सेल्सियसला वितळवतात. चिक्कीत शेंगदाणा अडकतो तसा कचरा या काचेत नुसता अडकत नाही, त्याचे अणू काचेच्या रचनेतच बसतात. म्हणून काच तडकली तरी तिच्यातून काही सांडत नाही. पाणी लागलं तरी फार संथपणे झिजते. ही बोरोसिलिकेट काच पोलादी डब्यात ओततात, झाकण वितळजोड (वेल्डिंग) करून बंद करतात. असे डबे तारापूरला हवेने थंड राहणाऱ्या तळघरात देखरेखीखाली आहेत. याच कचऱ्यातलं सीझियम वेगळं काढून भाभा अणुसंशोधन केंद्राने काचेच्या कांड्या केल्या. रुग्णाला द्यायच्या रक्तावर किरणांची मात्रा देणाऱ्या यंत्रांत त्या वापरल्या जातात.

‘लाखो वर्षं तसाच’ यातलं ‘तसाच’ चूक आहे. सुरुवातीच्या शतकांतला मोठा धोका सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचा. दोन्ही साधारण ३० वर्षांत निम्मे होतात, म्हणजे ३०० वर्षांत हजारावा हिस्सा उरतो. प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायला मात्र २४,००० वर्षं लागतात आणि नेप्च्युनियम-२३७ ला वीस लाखांहून जास्त. पुनर्प्रक्रियेत प्लुटोनियम बहुतांशी निघून जातं, पण नेप्च्युनियमसारखं थोडं काही काचेत उरतंच. त्यासाठी खोल खडक लागतो.

आणि तसा खडक लोकांनी कोरलेला आहे. फिनलंडमध्ये ओल्किलुओतो इथे ४०० मीटरहून खोल, जवळपास १९० कोटी वर्षं जुन्या खडकात बोगदे तयार आहेत. तिथली योजना तांब्याच्या जाड डब्यांची आहे, भोवती पाणी लागलं की फुगून फटी बुजवणारी बेंटोनाइट माती. खोदाई २००४ मध्ये सुरू झाली. स्वीडनने फॉर्समार्कच्या जागेला २०२२ मध्ये मंजुरी दिली. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत मिठाच्या थरात १९९९ पासून लष्करी कार्यक्रमातला कचरा पुरला जातोय. तिथे २०१४ मध्ये एक पिंप फुटलं, कारण द्रव शोषायला खनिज मातीऐवजी सेंद्रिय पदार्थ भरला गेला होता. सुमारे ३ वर्षं ती जागा बंद राहिली. मला ही चूक फार महत्त्वाची वाटते: खडक ठीक होता, पिंप भरणाऱ्यांची शिस्त ढिली पडली.

२०१६ मध्ये काकरापारच्या पहिल्या अणुभट्टीत गळती झाली, ती इंधन असलेल्या नळीतून जड पाण्याची. प्रसंग गंभीर होता, अणुभट्टी बंद करावी लागली. पण पुरलेल्या कचऱ्याशी त्याचा संबंध नाही.

फर्टिलायझरनगरच्या जड पाण्याच्या कारखान्याबद्दल एवढंच: जड पाण्यातला ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, किरणोत्सारी नसतो. अणुभट्टीत फिरून आल्यावर त्यात किरणोत्सारी ट्रिटियम साठतं, आणि इथे अणुभट्टी नाही.

आता मजकुरातून निसटलेली गोष्ट. भारताकडे आज खोल खडकातली कायमची जागा नाही. १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या बंद भागात शास्त्रज्ञांनी खडक तापवून प्रयोग केले. पुढे २०१२ मध्ये तमिळनाडूतल्या कुडनकुळम अणुवीजकेंद्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर कचरा पुरण्याची जागा म्हणून कोलारचं नाव आलं, तेव्हा कोलारचे लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारने लगेच इन्कार केला. ज्यांच्या पायाखाली पुरायचं, त्यांना ते कोर्टातल्या कागदांवरून कळलं. फिनलंडमध्ये गावाच्या पालिकेला नकार देण्याचा अधिकार होता आणि तिने होकार दिला. काकरापारला आता ७०० मेगावॉटच्या दोन नव्या अणुभट्ट्याही चालू आहेत, तेव्हा जुड्यांची संख्या वाढणार. कोणते खडक विचारात आहेत, निवडीचे निकष कोणते, तिथल्या ग्रामसभेला नाही म्हणता येईल का, आणि पुढच्या पिढ्यांच्या देखरेखीचा पैसा आजच्या वीजबिलातून बाजूला पडतोय का, हे आपल्या खासदारांना लेखी विचारा.