प्रोसेसरचा आवाज बँडमध्ये बुडतो, पण तो डिजिटल असल्यामुळे नव्हे

गिटार वाजवणाऱ्या मंडळींमध्ये एक मजकूर कित्येक वर्षे एकाकडून दुसऱ्याकडे जात आहे. त्याचा आशय असा : डिजिटल प्रोसेसर (गिटारच्या सुराला अँप आणि इफेक्ट यांचा रंग देणारी पेटी) घरी हेडफोनवर कितीही सुरेल वाटला तरी मंचावर तो बँडमध्ये बुडतो, कारण डिजिटल यंत्र सुराचे तुकडे करून ते पुन्हा जोडते, ते वादकाच्या हाताच्या मागे पडते आणि त्याला ट्यूब अँपचा (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या अँप्लिफायरचा) जोर नसतो, म्हणून मंचावर वाजवायचे असेल तर ट्यूब अँप घ्यावा आणि तो परवडत नसेल तर निदान बाजारातला सर्वांत महाग प्रोसेसर घ्यावा. यातले पहिले निरीक्षण खरे आहे. प्रोसेसर मंचावर बुडतो हे मी स्वतः अनुभवले आहे. मात्र त्यासाठी सांगितलेली कारणे चुकीची आहेत आणि त्यांवर आधारलेला सल्ला, शिकवण्या करून पैसे साठवणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला नाहक खर्चात टाकणारा आहे. म्हणून एकेक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

सुराचे तुकडे होतात हा मुद्दा लवकर निकालात निघतो. डिजिटल यंत्र सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेते हे खरे. पण त्या नमुन्यांपासून पायऱ्यापायऱ्यांचा आवाज बाहेर पडतो ही समजूत चुकीची आहे. नमुन्यांच्या दराच्या निम्म्याहून खालची सर्व कंपने त्या नमुन्यांतून अखंडपणे परत उभी करता येतात, हे क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात गणिताने दाखवलेले आहे. ४८,००० नमुन्यांना ही मर्यादा २४,००० हर्ट्झवर येते आणि गिटारच्या अँपमधला १२ इंची स्पीकर ५,००० हर्ट्झच्या पुढे झपाट्याने गप्प होतो. खरी अडचण वेगळ्या ठिकाणी होती आणि ती या मजकुरात कधीच येत नाही. डिस्टॉर्शनमुळे, म्हणजे सूर मुद्दाम फाटल्यासारखा करणाऱ्या इफेक्टमुळे, मूळ सुराच्या कितीतरी पट उंचीचे उपस्वर तयार होतात, त्यांतले मर्यादेबाहेरचे उपस्वर उलटे दुमडून ऐकू येणाऱ्या पट्ट्यात येतात, म्हणजे ३०,००० हर्ट्झचा उपस्वर १८,००० हर्ट्झवर प्रकट होतो, आणि असे दुमडलेले सूर मूळ सुराशी कोणतेही नाते सांगत नाहीत. जुन्या स्वस्त प्रोसेसरांमध्ये उंच सूर वाजवताना जो कर्कश खरखराट ऐकू येई, त्याचे हे एक कारण. आता डिस्टॉर्शनचे गणित आतल्या आत कितीतरी जास्त नमुन्यांवर करून मग ते खाली आणले जाते, त्यामुळे हा दोष पुष्कळ कमी झाला आहे.

विलंबाचा मुद्दा आकड्यांनीच तपासावा. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर. आपला अँप दोन मीटर मागे ठेवून वाजवणाऱ्या वादकाला स्वतःचा सूर सुमारे सहा मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि त्याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही. सध्याच्या बहुतेक प्रोसेसरांचा विलंब याहून कमी असतो. त्यात डिजिटल वायरलेस आणि डिजिटल मिक्सर यांची थोडी भर पडते, सूर वरखाली सरकवणारे इफेक्ट आणखी थोडा वेळ खातात. तरीही कानाशेजारच्या मॉनिटरमधून (वादकाला स्वतःचे वादन ऐकवणाऱ्या स्पीकरमधून) ऐकणाऱ्या वादकाची एकूण बेरीज बहुधा मागे ठेवलेल्या अँपच्या आसपासच राहते. हात मागे पडल्याची भावना अनेकांना घरच्या सरावात येते आणि तिथे दोष असतो ब्लूटूथ हेडफोनचा, ज्याचा विलंब शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे सहज जातो. तारेचा हेडफोन लावून पाहिला की फरक ताबडतोब कळतो.

आता जोराचा मुद्दा, आणि येथे थोडे थांबायला हवे, कारण या मजकुराची मूळ चूक येथे आहे. १९६० च्या दशकात सभागृहांतले स्पीकर जेमतेम गायकाचा आवाज वाहून नेत. गिटार लोकांपर्यंत पोहोचवण्याचे काम अँपलाच करावे लागे. मार्शल कंपनीचे १०० वॉटचे अँप त्याच दशकाच्या मध्यावर, त्याच गरजेतून आले. पुढे सभागृहांची ध्वनियंत्रणा मोठी झाली, अँपसमोर मायक्रोफोन लागला आणि तेव्हापासून प्रेक्षक जे ऐकतो ते अँप नव्हेच; तो ऐकतो स्पीकरच्या कागदी शंकूपासून काही सेंटिमीटरवर ठेवलेल्या मायक्रोफोनने पकडलेला आणि मिक्सरमधून बाहेरच्या स्पीकरवर गेलेला आवाज. प्रोसेसरमधले कॅब सिम्युलेशन, म्हणजे अँपच्या स्पीकरपेटीची (कॅबची) आणि तिच्यासमोरच्या मायक्रोफोनची नक्कल, नेमका हाच आवाज तयार करून देते. ट्यूब अँपच्या बाजूने बोलणारा वादक मात्र खोलीत पायाशी ठेवलेल्या अँपचा दणका आठवतो आणि त्याची तुलना मॉनिटरमधून येणाऱ्या प्रोसेसरशी करतो. ज्या दोन गोष्टींची तुलना व्हायला हवी त्या म्हणजे प्रेक्षकांच्या मधोमध उभे राहून ऐकलेला मायक्रोफोन लावलेला अँप आणि त्याच जागी ऐकलेला प्रोसेसर. ही तुलना मंचावरून करताच येत नाही. मेटॅलिकासारखा हेवी मेटल बँड कित्येक वर्षे फ्रॅक्टल कंपनीचे प्रोसेसर मंचावर वापरत आला आहे आणि त्यांच्या गिटारी बुडतात असे कोणी म्हणत नाही.

वॉटच्या आकड्याचाही असाच गैरसमज आहे. ५० वॉटचा अँप बदलून १०० वॉटचा घेतला तर आवाज ३ डेसिबलने वाढतो. दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल लागतात. शिवाय आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांतले गिटारवादक एका संध्याकाळी लावणीपासून रॉकपर्यंत तीस गाणी वाजवतात आणि प्रोसेसर थेट मिक्सरला जोडून वाजवतात. त्यांतल्या चांगल्या वादकाचा प्रत्येक सूर शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचतो, हे कोणत्याही चांगल्या कार्यक्रमात ऐकता येईल.

मग बुडतो तो का? महाविद्यालयाच्या सभागृहात झालेल्या एका कार्यक्रमात माझे असे झाले होते. घरी आठवडाभर खपून मी एक पॅच (प्रोसेसरमध्ये साठवलेली सेटिंग) बनवला होता : भरदार खर्ज, चकचकीत ट्रेबल (वरचे सूर), भरपूर गेन (डिस्टॉर्शनची मात्रा), सगळ्यावर मोठ्या सभागृहाचा रिव्हर्ब (घुमारा). गाण्याच्या सुरुवातीला एकट्या गिटारचे चार आवर्तनांचे वादन होते, ते अप्रतिम ऐकू आले. त्यानंतर बेस गिटार आणि ऑक्टोपॅड आत आले आणि मागे उभ्या असलेल्या मित्राने फोनवर केलेल्या ध्वनिमुद्रणात माझ्या गिटारची उरली ती केवळ खरखर.

याचे कारण हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ साली मांडलेले आहे. आपला कान सर्व उंचीच्या सुरांना सारखाच संवेदनशील नसतो आणि हा भेद आवाजाच्या पातळीनुसार बदलतो. हळू आवाजात खर्ज आणि अगदी वरचे सूर कानाला कमी ऐकू येतात, आवाज वाढवला की तेच सूर फुगून पुढे येतात. घरी शेजाऱ्यांचा विचार करून हळू आवाजात पॅच बनवणारा वादक ही उणीव भरून काढण्यासाठी खर्ज आणि ट्रेबल वाढवतो, मधला भाग नकळत पोखरतो, आणि मंचावर १०० डेसिबलच्या आसपास तोच पॅच खाली घुमतो आणि वर टोचतो. त्यात भर म्हणजे बँडमध्ये त्या दोन्ही टोकांना आधीच मालक असतात. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर बोलते, बेस गिटारची ४१ हर्ट्झवर, म्हणजे बेस गिटारचा पहिलाच उपस्वर गिटारच्या सर्वांत खालच्या सुरावर येऊन बसतो; त्याच प्रदेशात किक ड्रम, ढोलकीची धुम आणि तबल्याचा डग्गा असतो. वर ५,००० हर्ट्झच्या पुढे झांजा आणि हायहॅट यांचे राज्य असते. गिटारला स्वतःची म्हणता येईल अशी जागा साधारण ४०० ते २,५०० हर्ट्झ या पट्ट्यात आहे आणि घरी बनवलेल्या पॅचमध्ये नेमका तोच पट्टा रिकामा केलेला असतो. हीच सेटिंग ट्यूब अँपवर केली तर तोही तितकाच बुडेल. तो सहसा बुडत नाही, कारण त्याचा स्पीकर वरचे टोक आपोआप कापतो आणि वादक त्याचे बटण बँडसोबत, मोठ्या आवाजातच फिरवतो.

पुढच्या तालमीत मी कॅबनंतर १०० हर्ट्झच्या खालचा आणि ६,००० हर्ट्झच्या वरचा भाग कापला, मिड (मधले सूर) वाढवले आणि गेन जवळपास निम्मा केला. गेनबद्दल विशेष सांगितले पाहिजे. जास्त डिस्टॉर्शन म्हणजे जास्त ताकद असे वाटते, पण डिस्टॉर्शन सुराची शिखरे दाबून सपाट करते, त्यामुळे पिकचा आघात नाहीसा होतो आणि उरते ती एकसारखी भिंत, जी झांजांच्या मागे सहज लपते. याच कारणाने सोलोच्या वेळी आवाज वाढवण्यासाठी डिस्टॉर्शनच्या आधी बूस्ट लावून काही होत नाही, कारण आधीच दाबलेला सूर आणखी दाबला जातो. तीन-चार डेसिबलची वाढ अँप आणि कॅब यांच्यानंतरच द्यावी लागते. रिव्हर्ब तर मी जवळजवळ काढूनच टाकला, कारण सभागृह स्वतःचा रिव्हर्ब देतेच. हा बदललेला पॅच घरी एकट्याने ऐकला तर कोरडा आणि नाकात बोलल्यासारखा वाटतो. तो तसाच वाटला पाहिजे, हे स्वीकारायला मला बराच काळ लागला.

स्टिरिओ पॅचचा धोका याहून कमी लोकांच्या लक्षात येतो. आवाज रुंद वाटावा म्हणून पुष्कळ पॅच एक बाजू काही मिलिसेकंद उशिरा वाजवतात. हेडफोनवर ते भव्य वाटते. आपल्याकडच्या बहुसंख्य कार्यक्रमांत मात्र ध्वनियंत्रणा मोनो, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून वाजवणारी असते. १० मिलिसेकंदांच्या फरकाने वाजणाऱ्या दोन समान बाजू एकत्र मिसळल्या की ५०, १५०, २५० हर्ट्झ अशा दर १०० हर्ट्झच्या अंतराने आवाजात खड्डा पडतो आणि गिटार पोकळ होते. एकच आउटपुट वापरायचा असेल तर पॅचही मोनोतच बनवून, मोनोतच ऐकून पाहावा.

जोडणीतली चूकही डिजिटलच्या माथी मारली जाते. कॅब सिम्युलेशन चालू असलेला प्रोसेसर गिटार अँपच्या समोरच्या इनपुटला जोडला तर आवाज दोन कॅबांतून जातो आणि घोंगडीखाली झाकल्यासारखा येतो. उलट ते बंद ठेवून थेट मिक्सरला जोडले तर माश्या घोंगावल्यासारखा येतो. अँपच्या समोरच्या इनपुटला जोडताना अँप आणि कॅब दोन्ही मॉडेल बंद, मागच्या रिटर्नला (थेट अँपच्या पॉवर भागात जाणाऱ्या इनपुटला) जोडताना फक्त कॅब बंद, मिक्सरला जोडताना दोन्ही चालू, इतके पाळले तरी अर्ध्या तक्रारी संपतात. मिक्सर लांब असेल तर साधी गिटारची केबल वीस-तीस मीटर ओढू नये, साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स (सिग्नल लांबच्या केबलसाठी योग्य करून देणारी छोटी पेटी) मागावा. लांबवर नेलेली साधी केबल वाटेत गुणगुण गोळा करते.

महाग प्रोसेसर घेण्याच्या सल्ल्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जास्त पैशांत अधिक पायबटणे, अधिक आउटपुट, एकाच वेळी जास्त इफेक्ट चालवण्याची क्षमता आणि मजबूत पेटी मिळते. पोखरलेले मिड भरून देणारे बटण त्यातही नसते. बाहेरून आणलेले इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे खऱ्या कॅबच्या आवाजाची नोंद असलेल्या फाइल, आता कितीतरी स्वस्त पेट्यांतही घालता येतात.

ट्यूब अँपच्या बाजूने दोन गोष्टी मात्र मान्य केल्याच पाहिजेत. पाठीमागे मोठ्या आवाजात वाजणारा स्पीकर गिटारच्या तारांना हलवत राहतो आणि सूर लांबतो, हवा तेव्हा फीडबॅकमध्ये फुलतो. फक्त कानातल्या मॉनिटरवर वाजवताना ही अनुभूती मिळत नाही, आणि ज्याची शैलीच तिच्यावर उभी आहे त्याने मंचावर एक स्पीकर ठेवावाच, मग त्याला सिग्नल प्रोसेसरचा का असेना. दुसरी गोष्ट विजेची आहे. मंडपात किंवा जत्रेच्या मैदानात जनरेटरवर सगळे दिवे एकदम लागतात तेव्हा विजेचा दाब क्षणभर कोसळतो. ट्यूब अँप तेवढ्यापुरता मंदावून सावरतो, प्रोसेसर मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि गाण्याच्या मधोमध ते काही सेकंद फार मोठे असतात. एक छोटा यूपीएस सोबत ठेवला की हा प्रश्न सुटतो. तीस किलोच्या आसपासचा अँप लोकलमधून नेण्यापेक्षा ते नक्कीच सोपे आहे. अशा ठिकाणी गुणगुण येऊ लागली तर डीआय बॉक्सवरचे ग्राउंड लिफ्टचे (सिग्नलच्या केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारे) बटण वापरावे. प्लगची तिसरी पिन काढून गुणगुण घालवण्याची पद्धत अजूनही अनेक ठिकाणी दिसते. ती कोणी सुचवली तर स्पष्ट नकार द्यावा, कारण अर्थिंग नसलेल्या यंत्राला जोडलेल्या गिटारच्या तारांवर बोटे आणि मायक्रोफोनला ओठ एकाच वेळी लागले की विजेची वाट वादकाच्या शरीरातून जाऊ शकते.